घरची कीर्द आणि घरचा कॉम्प्युटर

घरचे हिशेब आता एक्सेलमध्ये ठेवणार म्हणालीस, फार बरं वाटलं. तुझ्या या आत्याची सगळी नोकरी बँकेच्या खातेवह्यांत गेली. आधी दोन्ही हातांनी उचलावी लागणारी लेजरं होती, मग ऐंशीचं दशक संपता संपता लेजर पोस्टिंग मशीन आली, मग कोअर बँकिंग. यंत्रं बदलत गेली, पण हिशेब कशाने नीट राहतो आणि कशाने बिघडतो, ते तसंच राहिलं. मला काम शिकवणारे हेडकॅशियर सारखं बजावायचे, की वही अशी लिहायची की उद्या आपण रजेवर गेलो तर शेजारच्या टेबलावरच्याला फोन करावा लागू नये. घरच्या शीटला हीच कसोटी लाव, आणि घरच्या कॉम्प्युटरलाही. पुढचं सगळं या कसोटीच्याच पोटातलं आहे.

आधी शीट. जुन्या पेढ्यांवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. कीर्दीत रोजचा व्यवहार घडला तसा, तारीखवार उतरवायचा. खतावणीत तोच व्यवहार खात्याखात्यांत मांडायचा. एक्सेल उघडलं की माणसं थेट खतावणी लिहायला बसतात. बारा महिन्यांच्या बारा शीटा, आडवे खर्चाचे रकाने, मध्येच बेरजा, वर दोन-चार घरं जोडून केलेलं मोठं शीर्षक. दिसायला देखणं होतं, पण वर्षाच्या शेवटी 'दुधाला किती गेले' विचारलं तर बारा ठिकाणी फिरावं लागतं. तू फक्त कीर्द लिही. एकच शीट, एका ओळीत एकच व्यवहार, आणि रकाने मोजके: तारीख, कोणाला, कशासाठी, प्रकार, रक्कम, कशातून दिले, कोणी दिले. मध्ये मोकळी ओळ नको, मध्ये बेरीज नको, घरं जोडणं तर मुळीच नको. खतावणी पिव्हट टेबल करून देतं, आणि एका कीर्दीतून हव्या तेवढ्या खतावण्या निघतात. महिनावार, प्रकारवार, माणसागणिक. पिव्हट शिकायला एक दुपार पुरते.

प्रकाराच्या रकान्याला मात्र जप. एके दिवशी 'वीज' लिहिलंस, दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी 'लाईट बिल' लिहिलं, तिसऱ्यांदा कोणी 'एमएसईबी'. कॉम्प्युटरच्या लेखी ही तीन वेगळी खाती झाली. 'दूध' आणि 'दुध' यांचंही तेच. म्हणून प्रकारांची एक यादी वेगळ्या शीटवर कर आणि डेटा व्हॅलिडेशन लावून टाक, म्हणजे त्या रकान्यात यादीतलंच नाव निवडता येईल. यादी लहान ठेव. चाळीस प्रकार केलेस तर कोणता निवडायचा याच विचारात लिहिणं राहून जातं.

रंगाने खूण करू नकोस. पिवळं म्हणजे बाकी आणि हिरवं म्हणजे दिलं, हे तुझ्या डोक्यात असतं, शीटमध्ये नसतं, आणि साध्या सूत्राला रंगाची बेरीज येत नाही. त्यासाठी 'दिले' आणि 'बाकी' असा सरळ एक रकाना घाल.

स्प्रेडशीट मुळात कशासाठी जन्माला आली, ते माहीत असलं की सूत्रं कशी लिहायची ते आपोआप कळतं. अमेरिकेत हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याच्या डोक्यात ही कल्पना आली. फळ्यावर मांडलेल्या कोष्टकात एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. ते आपोआप बदलले तर? त्यातून त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने १९७९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरसाठी व्हिजिकॅल्क आणलं. एक आकडा बदलला की बाकीचे बदलावेत, यासाठीच हा सगळा खटाटोप होता. म्हणून व्याजाचा दर, घरभाड्याची रक्कम, सोसायटीचं देखभाल शुल्क असे बदलू शकणारे आकडे सूत्राच्या आत कोंबू नकोस. त्यांना वर एकेक स्वतंत्र घर दे, शेजारी नाव लिही, आणि सूत्राला त्या घराकडे बोट दाखवू दे. दर बदलला की एकाच जागी बदलायचा. दुसरं कोणी शीट उघडेल तेव्हा त्यालाही कळेल की हा साडेसात कुठून आला.

आता आकड्यांचा एक धोका. शीटमध्ये दोन जातीचे आकडे असतात. काहींची बेरीज होते, काहींची होत नाही. आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाईल, पॉलिसी नंबर, पिनकोड ही दिसायला संख्या, पण खरं तर नावं. एक्सेलला ते कळत नाही. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य खाऊन टाकतं. आधारचे बारा आकडे टाकलेस तर मधेच 'ई' घालून भलतंच काही दाखवतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे, एक्सेल संख्येचे पंधराच आकडे खरे धरतं. सोळा आकडी क्रमांक टाकलास तर सोळावा आकडा गुपचूप शून्य होतो आणि नंतर परत मिळत नाही. उपाय सोपा आहे. असा रकाना भरण्याआधीच तो निवडून फॉरमॅट 'टेक्स्ट' कर. आधी, हे महत्त्वाचं. नंतर केलंस तर गेलेला आकडा गेलाच. एखाद-दुसऱ्या घरापुरतं असेल तर आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकलं तरी चालतं.

तारखांनाही असंच जपावं लागतं. ०५/०८ म्हणजे आपल्या लेखी पाच ऑगस्ट, अमेरिकन मांडणीतल्या कॉम्प्युटरच्या लेखी आठ मे. मशीनच्या रीजन सेटिंगमध्ये भारत आहे ना, ते पहिल्या दिवशीच तपास. त्यानेच लाख-कोटींचे स्वल्पविरामही आपल्या रीतीने पडतात. तारीख दाखवताना महिना अक्षरांत येईल असा फॉरमॅट ठेव, ०५-ऑगस्ट असा, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. तारखेचा हा घोळ मोठमोठ्यांनाही छळतो. माणसाच्या काही जनुकांना 'मार्च १', 'सेप्ट १' अशी लघुनावं होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं आणि शास्त्रज्ञांच्या याद्या बिघडायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली. आज घडलेल्या व्यवहाराची तारीख हाताने टाईप करायची गरजच नाही. कंट्रोल दाबून अर्धविराम दाब, आजची तारीख येते.

आणि ताळा. बँकेत दिवसाची शिल्लक जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. तुला रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. शीटमधली अखेरची शिल्लक आणि बँकेच्या ॲपमधली शिल्लक शेजारी शेजारी ठेव. जुळली नाही तर आधी बेरजेचं सूत्र कुठून कुठपर्यंत आहे ते बघ. नवी ओळ खाली जोडली आणि सूत्र वरच्याच ओळीपर्यंत राहिलं, ही चूक सगळ्यांत जास्त होते. राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधात सरासरीच्या सूत्राने पाच देश वगळले होते. सरकारी कर्ज आणि वाढ यांवरचा तो निबंध जगभर उद्धृत होत होता. चूक २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ शीट मागवून पाहिली तेव्हा उघडकीला आली. तू कीर्दीतलं कोणतंही एक घर निवडून कंट्रोल-टी दाब, म्हणजे तिचं 'टेबल' होतं आणि नवी ओळ आली की सूत्रं स्वतःच लांबतात.

खर्चाच्या कीर्दीपेक्षाही मला जास्त कळकळ आहे ती दुसऱ्या शीटची. तिचं नाव 'घराची यादी' ठेव. कोणत्या बँकेत कोणतं खातं, मुदतठेव कितीची आणि कधी संपते, विम्याची पॉलिसी कोणाच्या नावे, लॉकर कुठे, पीपीएफ कधी सुरू झालं, घराचा करारनामा कुठल्या कपाटात कुठल्या फाईलमध्ये. प्रत्येक ओळीत नॉमिनीचा रकाना. नोकरीत असताना मी नवरा गेल्यावर काउंटरशी आलेल्या बायका पाहिल्या आहेत. 'त्यांचं इथे काही होतं का हो?' एवढंच विचारायच्या. खातं कुठल्या शाखेत हेही त्यांना माहीत नसायचं. दहा वर्षं कोणी दावा केला नाही की ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. ती परत मागता येते, २०२३ पासून शोधायला 'उद्गम' हे पोर्टलही आहे. पण ज्या घरात यादी आहे त्या घराला शोधत फिरावं लागत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेव्हा तोही रकाना एकदा नव्याने बघून घे.

यादी झाली की एक रविवार काढ. जावईबापूंना कॉम्प्युटरपुढे बसव आणि सांग, 'माझ्या आरोग्यविम्याची पॉलिसी शोधून दाखवा.' तू शेजारी बस, पण बोलू नकोस. ते जिथे अडतील तिथे शीट सुधार.

पासवर्ड आणि पिन मात्र या शीटमध्ये नकोत. शीटला 'प्रोटेक्ट' केलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही. ती सोय चुकून काही पुसलं जाऊ नये यासाठी आहे. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर वापर. त्याचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करून लॉकरमध्ये ठेव.

मुदतीच्या तारखांचा एक रकाना कर आणि त्यातून 'टुडे' वजा कर. किती दिवस उरले ते रोज आपोआप दिसेल. तीसच्या आत आले की घर लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लाव. इथे रंग चालतो, कारण तो आकड्यावरून येतो. त्यात वर्षाचे ठरलेले दिवसही घाल. एप्रिलमध्ये सासऱ्यांचा व्याजावर टीडीएस कापू नये यासाठीचा फॉर्म, नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला, गाडीचा विमा, पीयूसी. आणि पीपीएफमध्ये पैसे भरायचे तर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. व्याज पाच तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर धरतात. सहा तारखेला भरले तर त्या महिन्याचं व्याज गेलं.

मराठीतच लिही, आणि युनिकोडमध्ये लिही. तुझ्या आजोबांनी टाईप करून ठेवलेली वंशावळ आणि जमिनीची टिपणं जुन्या फॉन्टमधली आहेत. श्रीलिपी, कृतिदेव असे फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. फाईल खराब झाली समजून पुसू नकोस. अक्षरं आत आहेत, फॉन्ट कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये येतात. रूपांतर झालं की जोडाक्षरं आणि रफार एकेक वाचून तपास, तिथेच गडबड होते.

आता कॉम्प्युटर. त्याच्यासाठी एक साधी वही घे, कागदाची. कॉम्प्युटर बंद पडला तर त्याच्यातली फाईल उघडणार कशी? त्या वहीत मशीन कधी घेतलं, वॉरंटी कधी संपते, कोणता भाग कधी बदलला हे लिही. आणि बिघाड झाला की तारीख, स्क्रीनवर आलेला संदेश अक्षरशः, आणि त्याच्या आधी काय बदललं होतं. नवं अपडेट आलं? नवा प्रिंटर जोडला? घरात वायरिंगचं काम झालं? कोणी काही इन्स्टॉल केलं? दहा बिघाडांतले बरेचसे या एका प्रश्नाला सापडतात. संदेशाचा मोबाईलवर फोटो काढून ठेव. 'काहीतरी एरर आली होती' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदल. केबल बदलली, तपासलं. नाही झालं, केबल परत जागेवर. मग पुढची. घाईने चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच.

बंद करून चालू करणे हा पहिला उपाय खराच आहे, पण त्यातही एक खोच आहे. विंडोजच्या हल्लीच्या आवृत्त्यांत 'फास्ट स्टार्टअप' असतं. 'शट डाउन' केलं तरी आतला गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो, त्यातल्या गडबडीसकट. 'रीस्टार्ट' केलं की खरोखर नव्याने सुरुवात होते. म्हणून बिघाडात रीस्टार्टच कर.

एक बिघाड नीट सांगते, कारण तो जुन्या डेस्कटॉपवर हमखास येतो आणि माणसं फार घाबरतात. सकाळी मशीन लावलं की बँकेची साईट उघडत नाही. 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. दुसरी साईट, तेच. व्हायरस आला, खातं हॅक झालं, असं वाटायला लागतं. अशा वेळी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघ. बऱ्याचदा तिथे कुठलं तरी जुनं वर्ष दिसेल. प्रत्येक सुरक्षित साईटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, आणि ब्राउझर ती आपल्या मशीनच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ मागे गेलं तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं. घड्याळ मागे जातं कारण मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की त्या सेलवरच घड्याळ चालतं. हा रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल, त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, तीन व्होल्टचा. घड्याळजीकडेही मिळतो. मशीनची वायर काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, कॅबिनेटच्या धातूला हात लाव म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. सेलचा आधी फोटो घे, अधिकाची खूण वर असते. बाजूची पट्टी नखाने हलकेच मागे सारली की सेल उसळून वर येतो. नवा बसव, तारीख-वेळ लाव, झालं. वहीत नोंद कर.

तुझं घर रत्नागिरीत, तेव्हा दमट हवेचा त्रास होणारच. पावसाळ्यात मशीन चालू होताना नुसतेच बीप आले आणि स्क्रीन काळीच राहिली, तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुस, कोरड्या कापडाने भुगा झटक, खट् आवाज येईपर्यंत परत बसव. पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेव. आतल्या उबेने ओल धरत नाही.

मे महिन्यात वळवाचे ढग भरून आले की प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरचाही प्लग काढ. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, पण राउटरच्या ॲडॅप्टरमधून येते, आणि राउटर नेटवर्क केबलने कॉम्प्युटरला जोडलेला असेल तर आतपर्यंत पोचते. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. 'वीज गेली की लगेच मशीन बंद पडतं' असं झालं की यूपीएस फेकू नकोस, आतली बॅटरी बदल. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, तो एकदम फार वीज ओढतो. इंकजेट असेल तर आठवड्यातून एक रंगीत पान काढ, नाहीतर शाई वाळते. प्रिंटरबद्दल एवढंच.

मशीन मंद झालं की लगेच नवं घेऊ नकोस. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी घाल. तेच मशीन ओळखू येणार नाही असं पळतं. विंडोज टेनचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचं मशीन विंडोज इलेव्हन घेत नसेल तर त्यावर लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस घाल. सासूबाईंना बातम्या वाचायला, तुला शीट ठेवायला ते भरपूर आहे, आणि दोन्ही फुकट.

डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला तर मात्र कोणताही दुरुस्तीचा प्रोग्राम चालवू नकोस. आधी महत्त्वाच्या फाईली बाहेर काढ आणि मशीन बंद कर. खरं तर त्या दिवसाआधीच नकला तयार हव्यात. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला जोडलेला फोल्डर म्हणजे बॅकअप असं समजू नकोस. इथे पुसलेली फाईल तिथेही पुसली जाते. बाहेरची हार्ड डिस्क जोड, नक्कल घे, काढून कपाटात ठेव. जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. आणि अधूनमधून नकलेतली एखादी फाईल उघडून बघ.

घरात प्रत्येकाला वेगळं लॉगिन दे, आणि रोजचं काम ॲडमिनिस्ट्रेटर नसलेल्या खात्यावरून होऊ दे. सासऱ्यांना एक गोष्ट नीट समजावून सांग. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असं सांगायला कुठलीही कंपनी फोन करत नाही. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर उतरवायला सांगणारा अनोळखी माणूस चोरच असतो. चुकून काही झालंच तर लाजून गप्प बसायचं नाही. राउटर बंद, बँकेला फोन, आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला. पैसे पुढे सरकायच्या आत थांबवता येतात ते पहिल्या काही तासांतच. हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटव. त्यांना शिकवताना माऊस त्यांच्याच हातात राहू दे. आपण हिसकावून दोन क्लिक केले की काम होतं, पण त्यांना काही येत नाही आणि मनही दुखावतं.

मशीन दुरुस्तीला द्यायचंच झालं तर आधी नक्कल घे, ब्राउझरमधली सगळी खाती साइन आउट कर, मुख्य पासवर्ड सांगू नकोस, वेगळं तात्पुरतं खातं करून दे. शक्य असेल तर डिस्क काढून घरीच ठेव. मशीनचा सिरियल नंबर आणि आतल्या रॅमचा आकडा पावतीवर लिहून घे, आणि भाग बदलला असेल तर जुना भाग परत माग.